बाबा लॉजवर गेलेत

शाळेत असताना आईच्या एका वाक्याची मला फार धास्ती वाटायची. संध्याकाळी कुणी दारात येऊन बाबांची चौकशी केली की ती पदराला हात पुसत बाहेर यायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "ते लॉजवर गेलेत." गिरगावातल्या आमच्या चाळीत लॉज या शब्दाला एकच अर्थ होता. जिन्याच्या तोंडाशी 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी, आत एक मळकं रजिस्टर, आणि मोठी माणसं मुलांसमोर बोलत नाहीत असं काहीतरी. विचारणारा गृहस्थ आधी आईकडे, मग माझ्याकडे बघायचा आणि "बरं, उद्या येतो" म्हणून काढता पाय घ्यायचा. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी तर एकदा आईला नळावर गाठून हळूच विचारलं होतं, "अहो, घरात काही बिनसलंय का?"

बिनसलेलं काही नव्हतं. बाबा फ्रीमेसन होते, म्हणजे जगभर पसरलेल्या एका जुन्या, आपले विधी गुप्त ठेवणाऱ्या बंधुसंघाचे सभासद. या संघाच्या शाखेला लॉज म्हणतात.

महिन्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी ते बँकेतून लवकर यायचे, पुन्हा दाढी करायचे, काळा सूट चढवायचे आणि कपाटावरची चपटी काळी बॅग घेऊन फोर्टात जायला निघायचे. बॅगेतल्या निदान एका वस्तूची साऱ्या चाळीला माहिती होती, कारण ती आमच्या गॅलरीत वाळायची. पांढरे सुती हातमोजे. आई ते नीळ घालून धुवायची आणि चिमटे लावून दोरीवर टांगायची. दहा बोटं वाऱ्यावर हलत राहायची. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी ठरवूनच टाकलं होतं की माझे बाबा जादूचे प्रयोग करतात. पुढे कळलं की ही पोरं फार चुकत नव्हती. उत्तर हिंदुस्थानात मेसन लोकांच्या हॉलला 'जादूघर'च म्हणत. फारसी जाणणाऱ्यांनी तर त्याला 'फरामोशखाना' असं नाव दिलं होतं, म्हणजे विसरण्याचं घर. आत गेलेला माणूस बाहेर येऊन काही सांगत नाही, तेव्हा तो विसरतच असणार, असा सरळ हिशेब. आमच्या घरातले मेसन मात्र छत्री आणि चष्मा सोडून काही विसरत नसत.

बाबांच्या बोलण्यातून काही पदव्या घरात आल्या होत्या. लॉजच्या प्रमुखाला, 'वर्शिपफुल मास्टर'ला, आई 'परमपूज्य हेडमास्तर' म्हणायची. 'टायलर' हा शब्द मी कित्येक वर्षं 'टेलर' असाच ऐकला. तो सभा चालू असताना दाराबाहेर तलवार घेऊन पहारा देतो, हे ऐकल्यावर मी विचारलं, "शिंप्याला तलवार कशाला?" बाबा इतके हसले की त्यांनी ते लॉजमध्ये जाऊन सांगितलं, आणि पुढे वीस वर्षं त्यांचे मित्र मला भेटले की विचारायचे, "काय गं, शिंपी काय म्हणतोय?"

बाकी जे आहे ते आता छापील पुस्तकांत मिळतं, त्यात गूढ फारसं उरलेलं नाही. मेसन म्हणजे गवंडी. गुण्या, ओळंबा, पाणसळ, थापी, छिन्नी ही त्यांची अवजारं, आणि घडायचा दगड म्हणजे आपण स्वतः. शिकाऊ, कारागीर आणि मास्टर अशा तीन पायऱ्या. कंबरेला कोकराच्या कातड्याचा एप्रन. ईश्वर मानायचा, पण कुठला ते कुणी विचारायचं नाही. मुंबईत मधल्या मेजावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी असतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. सभेत धर्म आणि राजकारण हे दोन विषय वर्ज्य. गिरगावातल्या माणसाला दोन तास या दोन विषयांवाचून बसता येतं, याचंच मला बाकी सगळ्यापेक्षा नवल वाटत आलंय.

ते मेज तसं सहजासहजी मांडलं गेलेलं नाही. हिंदुस्थानातलं पहिलं लॉज १७३० साली कलकत्त्यात निघालं, मुंबईतलं १७५८ साली. पण पहिली शंभरेक वर्षं, एखाददुसरा नवाबपुत्र सोडला तर, आत सगळे गोरेच. विश्वबंधुत्वाच्या गोष्टी करायच्या आणि दार लावून घ्यायचं, असा कारभार. माणेकजी करसेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थाला आत यायचं होतं. इथे डाळ शिजेना, तेव्हा तो पॅरिसला जाऊन मेसन होऊन आला. मग कंपनी सरकारातले डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी पुढाकार घेतला आणि १८४३ च्या डिसेंबरात मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं. खास हिंदी माणसांना घेता यावं म्हणून काढलेलं लॉज. या बर्न्सचा सख्खा भाऊ अलेक्झांडर दोनच वर्षांपूर्वी काबूलमध्ये मारला गेला होता. अशा वेळी या माणसाला 'नेटिव्हां'साठी दार उघडावंसं वाटलं, हे मला विशेष वाटतं.

हिंदूंची पंचाईत आणखी वेगळी होती. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली अर्ज केला, तर वरिष्ठांचा आक्षेप असा की ईश्वर एकच मानायला हवा, आणि तुमचे तर भरपूर! नऊ वर्षं भांडून १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. त्यानंतर बारा वर्षांनी, १८८४ च्या फेब्रुवारीत, कलकत्त्याच्याच 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दाखल झाला. पुढे जग त्याला विवेकानंद म्हणून ओळखायला लागलं. त्याच महिन्यात त्याचे वडील गेले आणि घरात खायची भ्रांत पडली. मोतीलाल नेहरू, फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी हेही मेसन. १९६१ च्या नोव्हेंबरात दिल्लीत 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया' ही देशातल्या लॉजची मध्यवर्ती संस्था झाली, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर झाले. ही नावं बाबा पाहुण्यांना ऐकवायचे आणि आई आतून भांडी जरा जोरात आपटायची.

नावांपेक्षा मला एका पिशवीची गोष्ट आवडते. सभेच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरवतात. प्रत्येकाने मूठ बंद करून हात आत घालायचा आणि उघडा बाहेर काढायचा. शंभराची नोट टाकली, रुपया टाकला की नुसताच हात हलवून आणला, शेजारच्याला कळत नाही. आपल्याकडे गुप्तदानाची पेटी असते, पण तिच्या शेजारी पावतीपुस्तकही असतं. आमच्या गल्लीतल्या देवळात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव होतं. उन्हाळ्यात पंखा चालू झाला की नाव दिसेनासं व्हायचं, म्हणून त्या घरातल्या आजोबांनी पंख्याच्या बटणाशेजारी वेगळी पाटी लावून घेतली होती. पायरीवर नाव, बाकावर नाव, पाणपोईवर नाव. मी नाक मुरडत नाही. नावाच्या ओढीनं का होईना, पाणपोई होते. पण त्या पिशवीत बंद मूठ घालणारे बँकवाले, डॉक्टर, दुकानदार डोळ्यांसमोर आले की बरं वाटतं.

नव्या माणसाच्या दीक्षेतही असंच एक कलम आहे. आत नेण्याआधी त्याच्या अंगावरचा पैसा-अडका, घड्याळ, अंगठी सगळं काढून ठेवतात. मग मध्येच त्याला विचारतात, गरिबांसाठी काही देतोस का? तो खिसे चाचपतो. खिशात काही नसतं. सगळ्यांसमोर त्याला "माझ्याजवळ काही नाही" असं म्हणावं लागतं. मला हे एका जुन्या पुस्तकात सापडलं तेव्हा मी बाबांना विचारलं, "तुम्हालाही असंच विचारलं होतं?" ते काही बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "घाम फुटला होता."

१९८९ पासून बाबा लॉजचे आल्मनर होते. मराठीत याला एक शब्द नाही. लॉजमधल्या आजारी, अडलेल्या माणसांची आणि गेलेल्यांच्या बायकामुलांची खबर ठेवणारा तो आल्मनर. मला वाटायचं हे काम पैसे वाटायचं असेल. बाबांबरोबर चारदोन घरं फिरल्यावर कळलं की नव्वद टक्के काम कागदांचं. नवरा गेला की त्या घरात पहिल्यांदा कागद हरवतात. विम्याची पॉलिसी कुठंय, पासबुकावर दुसरं नाव आहे का, मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती काढायच्या, पेन्शनसाठी हयातीचा दाखला कधी द्यायचा, भाडेपावती कुणाच्या नावावर करायची. बाबा त्या घरच्या ट्रंकेतले कागद जमिनीवर पसरून मांडी घालून बसायचे. तीस-तीस वर्षांच्या संसारात जिनं कधी चेकवर सही केली नव्हती अशा बाईला ते कोऱ्या कागदावर सही गिरवायला लावायचे, एकसारखी येईपर्यंत. "वहिनी, शेवटचं अक्षर दर वेळी वेगळं येतंय. बँक ओळखणार नाही."

त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. तिच्यात एकही नाव नव्हतं. डाव्या बाजूला खुणा असायच्या. 'निळं दार', 'रेडिओ', 'दोन जिने', 'पोपट'. उजवीकडे रक्कम किंवा काम. 'निळं दार – वीजबिल ८५'. 'दोन जिने – शाळेची फी, जूनपर्यंत'. 'पोपट – नुसतं बसलो'. वही कुठे पडली आणि कुणी उघडली तरी त्या घरांची अब्रू झाकलेली राहावी, म्हणून. आमचं लॉज फार गुप्तपणा पाळतं असं लोक म्हणत. माझ्या डोळ्यांसमोर त्यांची गुपितं म्हणून हीच वही येते.

'रेडिओ' म्हणजे गिरगावातच, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एक बाई. घरात जुना मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. नवरा लॉजचा जुना सभासद होता. बाई मानी. पाकीट पुढे केलं की "कशाला हो?" म्हणून परत सरकवायच्या, आणि परत सरकवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की बाबांनाच ओशाळल्यासारखं व्हावं. एका रात्री मी अभ्यास करत बसले होते. बाबा दिव्याखाली बसून दाढीच्या ब्लेडनं काहीतरी करत होते. बघते तर धुऊन इस्त्री केलेला हातमोजा, आणि बाबा त्याच्या करंगळीची शिवण एकेक टाका करून उसवत होते.

"अहो!" आई किंचाळलीच. "आजच धुतलाय तो!"

"असू दे," बाबा म्हणाले. "त्यांना शिवायला द्यायचाय."

दुसऱ्या दिवशी ते मोजा घेऊन गेले. लॉजचे मोजे फार उसवतात, बाहेर कुणी नीट शिवत नाही, तुम्ही घ्याल का हे काम? बाईंनी चष्मा लावला, मोजा उलटा केला, दोन बोटांत धरून म्हणाल्या, "शिवण कच्चीच असते हो बाजारची." त्या महिन्यापासून पाकीट त्यांनी घेतलं. शिलाईचे पैसे म्हणून. दर महिन्याला बाबा दोनतीन मोज्यांवर ब्लेड चालवायचे आणि आई तोंड फिरवून बसायची. पुढे तर इतर सभासदांचेही मोजे आमच्या घरी यायला लागले. पोतंभर मोजे आणि एक ब्लेड. मला आजही शंका आहे की त्या बाईंना पहिल्या दिवशीच सगळं कळलं होतं.

१९९३ चा जानेवारी. मुंबई जळत होती. लॉजची सभा झाली नाही, संचारबंदीच होती. पण वहीतल्या दोन घरांकडे रेशन पोचवणं भाग होतं. एक घर हिंदू वस्तीत, एक मुसलमान वस्तीत, आणि दोन्हीकडे लॉजमधले सभासद आपापल्या घरात अडकलेले. टॅक्सी मिळत नव्हती. तेव्हा बाबांचे एक पारशी मित्र आपली फियाट घेऊन आले. पारशी माणसाच्या गाडीला दोन्हीकडे कुणी अडवणार नाही, असा त्यांचा हिशेब. मागच्या सीटवर तांदूळ, डाळ, दुधाची पावडर, रॉकेलचा डबा. बाबा पुढे बसणार, तर काकांनी त्यांना मागे बसवलं. "तू तोंड उघडतो तर मराठी समजते. मी बोलेल." दोन नाक्यांवर गाडी अडली. काकांनी दोन्हीकडे त्याच गुजराती-हिंदीत, त्याच चढ्या आवाजात, "मारी मां बीमार छे" असं ठोकून दिलं. त्यांची आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: 'पोपट, दोन जिने – किराणा. पेट्रोल घेतलं नाही.' सभेत ज्या विषयांवर बोलायचं नाही असा नियम होता, त्या विषयांनी त्या महिन्यात सगळं शहर व्यापलं होतं. पुढच्या सभेतही कुणी त्यावर बोललं नाही म्हणे. पिशवी मात्र नेहमीपेक्षा जड होती, एवढं बाबांनी सांगितलं.

मेसन लोकांची मोठी कामं आहेत, ती माझ्या सांगण्यावर अडलेली नाहीत. लंडनमध्ये १७८८ साली रुस्पिनी नावाच्या दंतवैद्यानं गरीब सभासदांच्या मुलींसाठी शाळा काढली, तिथपासून दिल्लीतली शाळा आणि कोइमतूरचं मुलांचं दवाखाना-केंद्र इथपर्यंत. ते सगळं चांगलंच. पण मुलींच्या शाळेवरून एक आठवलं. तो माणेकजी करसेटजी, ज्याला गोऱ्यांनी दार लावलं होतं, त्यानं १८६३ साली मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. अलेक्झांड्रा स्कूल ती, अजून फोर्टात आहे. दार लागलेलं कसं असतं ते कळलेला माणूस. आणि त्याच फोर्टातल्या लॉजमध्ये माझ्या आईला प्रवेश नव्हता, मला नाही, 'रेडिओ'वाल्या बाईंना तर नाहीच. वर्षातून एकदा 'लेडीज नाइट' असायची. तिथे आई पैठणी नेसून जायची आणि कटलेट थंड होती म्हणून परत यायची.

मी बाबांशी यावरून खूप भांडले. ॲनी बेझंट १९०२ साली मेसन झाल्या, इंग्लंडमध्ये कितीतरी वर्षं बायकांची स्वतंत्र लॉज आहेत, मग तुम्हालाच काय होतं? बाबा म्हणायचे, "ती लॉज वेगळी, आमच्या घटनेत बसत नाहीत." ही त्यांची वाईटात वाईट युक्ती होती, बँकेत ग्राहकांना सांगतात तशी. मोजे आईने धुवायचे, फराळाचे डबे आईने भरायचे, विधवांची सही गिरवून घ्यायची, आणि सभा पुरुषांची. मला ते तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही. आईचा मुद्दा निराळाच होता. ती म्हणायची, "मला नकोच तुमच्यात. दोन तास न बोलता कोण बसणार?"

दर वर्षीच्या जेवणावळीवर होणारा खर्च आणि पिशवीत पडणारी रक्कम यांचं प्रमाण काय, असंही मी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी बाबा रागावले. उत्तर दिलं नाही, पण पुढच्या वेळी जेवण न करता घरी आले. आईने त्यांना रात्री दहाला पिठलं करून वाढलं आणि मला दटावलं.

बाबा २०१४ साली गेले. वही त्यांनी आधीच पुढच्या आल्मनरच्या हवाली केली होती. पस्तिशीचा मुलगा, कॉम्प्युटरमधला, नाकीडोळी नीटस. तेराव्यानंतर आठवड्याभराने तो आला. त्यानं आईच्या पेन्शनचा अर्ज भरला, दाखल्याच्या प्रती मोजल्या, पासबुकं लावली. सगळं बरोबर. जाताना त्यानं टेबलावर वर्तमानपत्राखाली काहीतरी सरकवलं. आईने पाकीट बाहेर काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "मला पेन्शन आहे. ज्यांना नाही त्यांना दे." तो गेल्यावर मला म्हणाली, "मी आता वहीत गेले का गं?" आवाज साधाच होता. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

तो दर महिन्याला येत राहिला. चहा घ्यायचा, आईचं ऐकायचा, जायचा. आई त्याला बाबांच्या तक्रारी सांगायची. पाकीट त्याने पुन्हा काढलं नाही.

पाचव्या की सहाव्या वेळी तो जरा घुटमळत बसला. बॅगेतून कागदाची पुडी काढली. "काकू, एक काम होतं. लॉजचे मोजे फार उसवतात हो, बाहेर कुणी धड शिवून देत नाही..."

आईने हात पुढे केला. मोजा उलटा केला, खिडकीशी नेला, करंगळीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"नवं ब्लेड घेतलंस वाटतं," ती म्हणाली. "कापडही कापलंय. जुनं घ्यावं, आणि एकेक टाका सोडवावा."

तो लाजेनं लालबुंद झाला. आईने फळीवरचा शिवणाचा डबा काढला आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस, सुई ओवून दे. आणि त्याला चहा टाक."